मुलीला कुठे पाठवू : शिकागो, मँचेस्टर की मेलबर्न?

प्रश्न : माझी मुलगी २४ वर्षांची आहे. पुण्यात इंजिनिअरिंग करून दोन वर्षं नोकरी केली. आता डेटा सायन्सच्या मास्टर्ससाठी तिला शिकागो, मँचेस्टर आणि मेलबर्न अशा तीन ठिकाणी प्रवेश मिळालाय. ह्यांनी नेटवरून शहरांच्या ‘क्राइम इंडेक्स’ची यादी काढली, तर त्यात मँचेस्टर पुण्यापेक्षा धोकादायक! दीर म्हणतात, अमेरिकेत बंदुका आहेत, नकोच. नणंदेला २००९ साली मेलबर्नमध्ये भारतीय मुलांना झालेली मारहाण अजून आठवते. मुलगी म्हणते, असं बघत बसलं तर घराबाहेरच पडायला नको. तीन आठवड्यांत एका ठिकाणची अनामत भरायची आहे. हे आकडे वाचायचे कसे आणि ठरवायचं कशावरून? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, मुलीचं म्हणणं बरोबर आहे आणि तुमची काळजीही. चुकतेय ती यादी.

नेटवर ‘क्राइम इंडेक्स’ म्हणून जी यादी सगळ्यात जास्त फिरते, ती नम्बेओ या संकेतस्थळाची. तिच्यात पोलिसांचा एकही आकडा नसतो. संकेतस्थळावर येणाऱ्या कुणालाही विचारतात : तुमच्या शहरात घरफोडीची किती भीती वाटते, रात्री एकट्याने चालताना सुरक्षित वाटतं का, वगैरे. त्या उत्तरांची गोळाबेरीज म्हणजे इंडेक्स. शंभरातून तो वजा केला की ‘सेफ्टी इंडेक्स’ तयार. उत्तरं देणारे कोण, त्यात बायका किती, रात्रपाळीवाले किती, याचा पत्ता नाही. पुण्यातला माणूस पुण्याच्या मापाने भितो, मँचेस्टरचा मँचेस्टरच्या मापाने. दोन्ही मापं एका तक्त्यात शेजारी ठेवली म्हणून ती एक होत नाहीत. ‘ग्लोबल पीस इंडेक्स’ नावाची दुसरी यादीही अशीच फसवी ठरते. तिच्यातल्या २३ निकषांत लष्करी खर्च, शस्त्रांची निर्यात, शेजाऱ्यांशी असलेले तंटे असं बरंच काही आहे. तिथे अमेरिका खूप खाली दिसते त्यात तिच्या लष्कराचाही वाटा आहे. तुमच्या मुलीच्या बसस्टॉपशी त्याचा संबंध नाही.

मग पोलिसांचे खरे आकडे घेऊन देश ताडून पाहावेत का? तेही जपून, कारण गुन्हा झाला, कुणी तो सांगितला, पोलिसांनी तो लिहिला आणि कायद्याने त्याला अमुक नाव दिलं, या चार पायऱ्यांनंतर आकडा तयार होतो आणि प्रत्येक देशात पायऱ्या वेगळ्या.

आपल्याकडचंच बघा. कुणी कानफटात मारली तर आपल्या पोलीस ठाण्यात बहुधा एनसी होते, म्हणजे अदखलपात्र. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात दखलपात्र गुन्ह्यांचा दर मोजतात, त्यात ती येत नाही. एसटी स्टँडवर मोबाइल मारला, तरी बऱ्याचदा ‘गहाळ’ म्हणून नोंद होते, चोरी म्हणून नाही. एका एफआयआरमध्ये पाच कलमं लागली तर अहवालात सगळ्यात गंभीर कलमच मोजलं जातं. याउलट इंग्लंडमध्ये ‘व्यक्तीविरुद्धची हिंसा’ या सदरात जखम न झालेली धक्काबुक्की, पाठलाग, छळ, इतकंच काय, फोनवरून पाठवलेले धमकीचे मेसेजही धरतात. आपल्याकडे जे कुठेच लिहिलं गेलं नसतं, ते तिकडे ‘हिंसक गुन्हा’ होऊन आकड्यात बसतं. पुणे सुरक्षित आणि मँचेस्टर धोकादायक, हा निष्कर्ष यातूनही निघू शकतो.

मँचेस्टरची तर आणखी एक गंमत आहे. डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटनच्या पोलीस तपासणी यंत्रणेने जाहीर केलं, की ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी जून २०२० ला संपलेल्या वर्षात सुमारे ८० हजार गुन्हे नोंदवलेच नव्हते. लोक सांगायला आले होते, पण दर पाचांतला साधारण एक गुन्हा वहीत चढलाच नाही. त्यावर टीकेची झोड उठली, पोलीस दलावर देखरेख बसली, नोंदणी सुधारली. साहजिकच पुढच्या वर्षांचे आकडे फुगले. कारभार सुधारल्यावर शहर कागदावर बिघडलं.

बलात्काराच्या आकड्यांबाबत तर देशादेशांची तुलना करूच नये असं आमचं मत आहे. स्वीडनचा दर युरोपात फार वर दिसतो. तिथली व्याख्या रुंद आहे, २०१८ पासून संमती नसणं एवढंच पुरेसं धरतात, आणि एकाच नवऱ्याने वर्षभरात पन्नास वेळा केलेला अत्याचार पन्नास गुन्हे म्हणून मोजला जाऊ शकतो. भारतात २०१२ साली बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले, २०१३ साली ३३,७०७. दिल्लीच्या निर्भया घटनेनंतर कायदा रुंदावला, बायका पुढे येऊ लागल्या, म्हणून ही उडी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कुणाची मदत मागितली होती, आणि ही मदतही बहुतेक करून माहेरच्यांची. उरलेल्या पोलिसांच्या वहीत कशा दिसणार? युरोपीय संघाने बायकांना थेट विचारून केलेली पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा अनुभवल्याचं डेन्मार्कमध्ये ५२ टक्के बायकांनी सांगितलं आणि पोलंडमध्ये १९ टक्के. पोलंड डेन्मार्कच्या पावणेतीनपट सुरक्षित आहे असं अभ्यासकही छातीठोकपणे म्हणत नाहीत. कुठे बोलता येतं, कुठे येत नाही, याचंही ते माप आहे.

देशांची तुलना करायला त्यातल्या त्यात एकच आकडा बरा, तो खुनाचा. प्रेत लपवणं अवघड, आणि खुनाची व्याख्या सगळीकडे जवळपास सारखी. संयुक्त राष्ट्रांच्या अभ्यासानुसार २०२१ साली जगाचा दर लाख लोकसंख्येमागे ५.८ होता. भारताचा २०२२ चा दर २.१, म्हणजे २८,५२२ खून. इंग्लंड-वेल्स आणि ऑस्ट्रेलिया एकाच्या आसपास. अमेरिका २०२२ साली ६.३. शिकागो शहर २०२४ साली साधारण २१.

हा शेवटचा आकडा पाहून दिरांचा आवाज चढेल. त्यांना दोन गोष्टी सांगा. शिकागोचे खून पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या मोजक्या वस्त्यांत एकवटलेले आहेत. बळी जाणाऱ्यांत बहुसंख्य तरुण कृष्णवर्णीय पुरुष असतात. त्या वस्त्यांच्या हालअपेष्टांचा इतिहास मोठा आहे, तो या सदरात मावणार नाही. पण त्याच शहरात अशाही वस्त्या आहेत, जिथे वर्षात एकही खून होत नाही. २१ हा त्या सगळ्यांची सरासरी काढून तयार झालेला दर आहे, आणि असं सरासरीचं शिकागो नकाशावर कुठे सापडत नाही. बंदुकांचंही तसंच. २०२२ साली अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४८ हजार लोक मेले, त्यांतले २७ हजारांवर आत्महत्येने. बंदूक हा तिथला खरा प्रश्न आहेच. पण परदेशी विद्यार्थिनीच्या वाट्याला तो येतो तो मुख्यतः रस्त्यावरच्या लुटीत समोरच्याकडे हत्यार असू शकतं, या रूपात. म्हणून तिथला पहिला नियम : फोन मागितला तर द्यायचा. झटापट नाही, पाठलाग नाही.

आता परदेशातल्या भारतीय विद्यार्थ्यांचं नेमकं काय होतं ते पाहू. जुलै २०२४ मध्ये सरकारने लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार आधीच्या पाच वर्षांत ६३३ भारतीय विद्यार्थी परदेशात मरण पावले. त्यांपैकी हल्ल्यांत गेलेले १९ : कॅनडात ९, अमेरिकेत ६, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात प्रत्येकी एक, इतरत्र दोन. बाकीचे आजार, अपघात आणि इतर कारणांनी. म्हणजे घरात ज्या गोष्टीवर सगळी चर्चा चाललीय, तिच्यामुळे झालेले मृत्यू शंभरात तीन. उरलेल्या सत्त्याण्णवांसाठी कुणी यादी काढत नाही.

अमेरिकेत रस्ते अपघातांत २०२२ साली ४२ हजारांवर माणसं गेली, खुनांच्या दुप्पट. (आपल्याकडे त्याच वर्षी १ लाख ६८ हजार, खुनांच्या सहापट. पण मुलगी स्कूटीवरून हिंजवडीला जायची तेव्हा कुणी तक्ता काढला नसेल.) शिकागोत वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात. आपली मान सवयीने आधी उजवीकडे वळते आणि गाडी येते डावीकडून. पहिले दोन महिने प्रत्येक रस्ता सिग्नलवरच ओलांडायचा. मेलबर्नला गेली तर समुद्रात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरायचं. तिथल्या किनाऱ्यांवर पाण्याची ओढ माणसाला आत नेते आणि पोहता येणारेही बुडतात. ओढीत सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही, तरंगत राहून हात वर करायचा.

नणंदबाईंच्या २००९ कडे येऊ. मेलबर्न आणि परिसरात भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले होते, मोर्चे निघाले होते, त्यांची आठवण खोटी नाही. त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या सरकारी गुन्हेशास्त्र संस्थेने २००५ ते २००९ या काळाचा अभ्यास केला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध केला. मारहाणीचं प्रमाण परदेशी विद्यार्थ्यांत एकूण सर्वसाधारण लोकांइतकं किंवा कमी निघालं. पण भारतीय विद्यार्थ्यांच्या बाबतीत जबरी चोरीचं प्रमाण मोठ्या राज्यांत जास्त होतं. कारणं शोधताना पुढे आलं ते काम : पेट्रोल पंप, रात्रभर उघडी दुकानं, टॅक्सी, आणि तिथून अपरात्री एकट्याने घरी जाणं. वंशद्वेष नव्हताच असं त्या अभ्यासाने म्हटलेलं नाही. पोलिसांच्या नोंदींवरून हल्लेखोराचा हेतू ठरवता येत नव्हता. पण तुमच्यासाठी कामाची गोष्ट उरतेच : शहर तेच, देश तोच, कामाची वेळ बदलली की धोका बदलतो.

म्हणून मुलीशी कामाबद्दल आत्ताच बोला. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, अमेरिकेत पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या आवारातच. तिन्हीकडे नियमाबाहेर रोखीत काम देणारे भेटतात, आणि त्यात आपलेही लोक असतात. अशा कामावर असताना लुबाडलं तर मुलं व्हिसाच्या भीतीने पोलिसांकडे जात नाहीत, हे मालकालाही ठाऊक असतं. रात्री दहानंतर एकटीने गल्ला सांभाळायचं काम घ्यायचं नाही. त्यातून येणारे पैसे कमी पडणार असतील तर ते कर्जात आत्ताच धरा. सुरक्षेवर खर्च करायचा तर तो इथे आणि घरभाड्यात करावा लागतो, मिरपुडीच्या स्प्रेत नाही. (ब्रिटनमध्ये तो स्प्रे बेकायदा हत्यारात मोडतो आणि मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियातही बंदी आहे. आजीने बॅगेत टाकला असेल तर काढा.)

आता वस्ती कशी तपासायची ते. यासाठी एक रविवार मुलीसोबत बसा.

शिकागोचं सगळ्यात सोपं, कारण त्या महापालिकेच्या डेटा पोर्टलवर २००१ पासूनचा जवळपास प्रत्येक नोंदलेला गुन्हा आहे. फक्त ताजे सात दिवस नसतात. प्रत्येक ओळीत तारीख, तास-मिनिट, गुन्ह्याचा प्रकार, जागा (फुटपाथ, फ्लॅट, रेल्वेचा फलाट) आणि तो घरगुती होता की नाही हे लिहिलेलं असतं. पत्ता ब्लॉकपर्यंतच देतात. शहराच्या ७७ भागांपैकी विद्यापीठाचा भाग आणि जिथे खोली बघताय तो भाग निवडा. पूर्ण १२ महिने घ्या. नुसता जानेवारी घेतलात तर बर्फामुळे सगळं शांतच दिसेल. मग गाळा : दुकानातली उचलेगिरी, अमली पदार्थ, फसवणूक, गाड्यांच्या चोऱ्या काढून टाका. जबरी चोरी, मारहाण आणि लैंगिक गुन्हे ठेवा, आणि त्यातून रस्ता, फुटपाथ, बस, रेल्वे एवढ्याच जागा घ्या. घरफोडी वेगळी मोजा, ती घर निवडताना लागेल. जबरी चोरी म्हणजे माणसाला धाक किंवा मार देऊन घेतलेलं, घरफोडी म्हणजे चोरीसारख्या हेतूने बेकायदा घरात शिरणं, मग आत माणूस असो वा नसो. इंग्रजी बातम्यांत दोन्ही एकच समजून घोळ होतो.

समजा, एका वस्तीत २५ हजार लोक राहतात आणि वर्षात रस्त्यावरच्या ५० जबरी चोऱ्या झाल्या. लाखाला २०० हा आकडा भयंकर वाटतो. हजार माणसांमागे तो वर्षाला दोन येतो. त्यांतल्या ३५ रात्री दहा ते पहाटे चार या वेळेतल्या असल्या, तर उरलेल्या वेळेसाठी हजारी अर्धा-पाऊणच राहतो. शिवाय रात्री रस्त्यावर माणसं कमी असतात, म्हणजे जी असतात त्यांचा धोका या गणितात दिसतो त्याहून जास्त. तास पाहिल्याशिवाय वस्तीला नावं ठेवू नका आणि चांगलीही म्हणू नका.

भागिले किती, हेही बघायचं. पोलिसांचा दर राहणाऱ्या लोकांवर काढतात. मेलबर्नच्या मध्यवर्ती महापालिका हद्दीत राहणाऱ्यांच्या कितीतरी पट माणसं रोज कामाला, खरेदीला, रात्री प्यायला येतात. त्यांचे गुन्हे वर मोजले जातात आणि माणसं खाली मोजली जात नाहीत, म्हणून तो भाग तक्त्यात फार वाईट दिसतो. व्हॅटिकनमध्ये हजारभरही रहिवासी नाहीत आणि पाहुणे लाखो, त्यामुळे खिसेकापूंच्या जोरावर ते कागदोपत्री जगातलं सर्वाधिक गुन्हेगारीचं ठिकाण ठरू शकतं! आपल्याकडे महानगरांचा दर काढताना २०२२ च्या अहवालातही २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या वापरलेली आहे. पुणे तेव्हापासून किती वाढलं ते तुम्हाला सांगायला नको. ‘कोलकाता सर्वांत सुरक्षित शहर’ या दरवर्षीच्या बातम्या याच तक्त्यावरून होतात. नोंदणी विभाग स्वतः असं प्रमाणपत्र देत नाही.

मेलबर्नसाठी व्हिक्टोरिया राज्याची क्राइम स्टॅटिस्टिक्स एजन्सी दर तिमाहीला महापालिकानिहाय आणि उपनगरनिहाय तक्ते काढते. त्यात जागेचा प्रकारही मिळतो. गाळणी तीच लावा. शहराच्या मध्यभागापेक्षा बाहेरचं स्वस्त उपनगर कमी दराचं दिसलं तरी एक बघा : शेवटच्या गाडीनंतर स्टेशनपासून घरापर्यंत किती मिनिटं चालायचंय, आणि तो रस्ता दुकानांचा आहे की गोदामांचा. शुक्रवारी आणि शनिवारी तिथे रात्रभर लोकल चालते, इतर रात्री नाही.

मँचेस्टर त्रास देणार. इंग्लंड-वेल्सचा पोलीस डॉट यूके हा गल्लीनिहाय नकाशा प्रसिद्ध आहे, सगळे तोच बघायला सांगतात. पण ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी २०१९ च्या जुलैत संगणकप्रणाली बदलली आणि तेव्हापासून पुढे कित्येक वर्षं त्यांची गुन्ह्यांची माहिती त्या नकाशात आलीच नाही. मुलीला तिथे कोरा नकाशा दिसला तर ‘गुन्हेच नाहीत’ असा आनंद करू नका. त्याऐवजी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे जिल्हानिहाय तक्ते घ्या, त्यात जबरी चोरी आणि अंगावरून केलेली चोरी हे रकाने पाहा. इंग्लंडच्या इतर शहरांसाठी हा नकाशा वापरताना लक्षात ठेवा, की त्यात तास नसतो, फक्त महिना असतो. ठिपका नेमक्या जागी नसून जवळच्या ठरीव बिंदूवर सरकवलेला असतो. आणि हिंसा व लैंगिक गुन्हे एकाच रकान्यात कोंबलेले असतात.

शिकागोच्या विद्यापीठाची आणखी एक गोष्ट मागवा. १९९० च्या क्लेरी कायद्यानुसार अमेरिकेतल्या विद्यापीठांना दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत सुरक्षा अहवाल जाहीर करावा लागतो, मागच्या तीन वर्षांच्या आकड्यांसह. त्यात आवार, वसतिगृहं आणि लगतचे सार्वजनिक रस्ते येतात. चार गल्ल्या पलीकडचा खासगी फ्लॅट येत नाही, आणि आपली बहुतेक मुलं तिथेच राहतात. दुसरं म्हणजे, वीस-तीस हजार विद्यार्थी आणि लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी शून्य, असं दिसलं तर आम्हाला काळजी वाटेल. तिथे तक्रार करायला मुली धजत नाहीत, असा त्याचा अर्थ जास्त संभवतो.

आणि याच विषयावर मुलीशी बोलायला हवं, अवघड वाटलं तरी. अंधाऱ्या रस्त्यावरचा अनोळखी माणूस आपल्या डोक्यात असतो. पण जगभरात खून होणाऱ्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींना जोडीदार किंवा घरचाच कुणी मारतो, आणि लैंगिक अत्याचारांतही ओळखीच्यांचा वाटा मोठा असतो. मित्राचा मित्र, रूममेटचा पाहुणा, डेटिंग ॲपवर भेटलेला, प्रकल्पाचा मार्गदर्शक. ‘असं काही झालं तर आधी आम्हाला सांग, आम्ही रागावणार नाही, परत बोलावणार नाही’ हे वाक्य तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या. परत बोलावतील या धास्तीनेच मुली गप्प बसतात. मँचेस्टरमध्ये सेंट मेरीज हे लैंगिक अत्याचार मदत केंद्र १९८६ पासून आहे, ब्रिटनमधलं पहिलं. तिथे पोलिसांत न जाताही वैद्यकीय तपासणी आणि समुपदेशन मिळतं. इतर दोन शहरांतही विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रातून अशी सोय कळते. पत्ता आधी माहीत असलेला बरा.

घरभाड्याची फसवणूक आणि फोनवरची लूट या दोन गोष्टी मात्र तिच्या बाबतीत खरोखर घडण्याची शक्यता बरीच आहे. खोली प्रत्यक्ष किंवा तिथल्या कुणी विश्वासू व्यक्तीने पाहिल्याशिवाय डिपॉझिट पाठवायचं नाही. पहिले दोन-तीन आठवडे विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा त्यांनी सुचवलेल्या जागेत काढायचे, मग पायी फिरून घर घ्यायचं. इंग्लंडमध्ये घरमालकाने डिपॉझिट ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करावं लागतं, मेलबर्नमध्ये ते राज्याच्या बाँड प्राधिकरणाकडे जातं. पावती देत नाही तो मालक नको. ‘इमिग्रेशनमधून बोलतोय, दंड भरा नाहीतर व्हिसा रद्द’ असा फोन आला की तो भामटा, स्क्रीनवर खरा नंबर दिसला तरी. फोन ठेवायचा आणि विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात जायचं. ‘दोन दिवस तुझं बँक खातं वापरू दे, कमिशन देतो’ म्हणणारा मराठी असला तरी नाही म्हणायचं. ते पैसे चोरीचे असतात आणि गुन्हा खातेदारावर लागतो. फोनचा आयएमईआय क्रमांक *#०६# दाबून काढा आणि इथल्या वहीत लिहून ठेवा. ब्रिटनच्या मोठ्या शहरांत सायकलवरून येऊन हातातला फोन हिसकावणं सर्रास चालतं. फूटपाथच्या कडेला उभं राहून नकाशा बघायचा नाही, दुकानात शिरून बघायचा.

तुम्ही घरी काय लिहून ठेवायचं? अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात तीन शून्य, हे नंबर सांगलीहून लागत नाहीत. म्हणून विद्यापीठाच्या सुरक्षा कक्षाचा देशाच्या कोडसह पूर्ण नंबर, रूममेटचा नंबर आणि जवळच्या भारतीय वकिलातीचा नंबर लिहा. परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तिची नोंदणी करा. ब्रिटनमध्ये रेल्वेत कुणी त्रास दिला तर ६१०१६ वर मेसेज करता येतो, आवाज न करता. लाइव्ह लोकेशन तुमच्यापेक्षा तिथल्या मैत्रिणीकडे असू द्या. रात्री अकराला ती घरी पोहोचली नाही तर दार ठोठावायला मैत्रीण जाऊ शकते, तुम्हाला सांगलीत बसून नुसता ठिपका दिसेल आणि झोप जाईल.

ठरवायचं कसं? सुरक्षेच्या कारणावरून तिन्हींपैकी एकही शहर बाद होत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. शिकागो निवडलंत तर वस्तीच्या बाबतीत चूक महागात पडेल. तिथे महिना दीडशे-दोनशे डॉलर जास्त देऊन विद्यापीठाच्या शटलच्या मार्गावर राहायची तयारी असेल तरच जा. मँचेस्टर आणि मेलबर्नमध्ये चुकीला थोडी जागा आहे. त्यापुढे अभ्यासक्रम, एकूण खर्च आणि नंतर नोकरीसाठी मिळणारी मुदत यांवरच ठरवा.

या तीन आठवड्यांत प्रत्येक विद्यापीठातल्या दोन-तीन भारतीय मुलींशी तिला बोलू द्या. मुलांशी नाही, मुलींशी. ‘सेफ आहे का’ विचारलं की ‘हो, सेफ आहे’ एवढंच उत्तर मिळतं. विचारायचं ते असं : लायब्ररीतून रात्री किती वाजता निघतेस आणि कशाने घरी जातेस? कोणत्या स्टॉपवर उतरायचं टाळतेस? गेल्या वर्षी ओळखीत कुणाचा फोन किंवा बॅग गेली का, नेमकी कुठे? घर बदललंस का, आणि का? आणि अनामत भरण्याआधी परताव्याची अट वाचा. व्हिसा नाकारला गेला तर बहुतेक ठिकाणी पैसे परत मिळतात, पण अर्ज कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या कागदासह करायचा हे ऑफर लेटरच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत असतं.